वाटीभर विरजण

आमच्या घरी दही मी लावतो. बायको सकाळीच शाळेवर शिकवायला जाते, आईचे हात कापतात, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि राहिलं. लावतो ते स्लो कुकरमध्ये. चिनी मातीचं जड भांडं, खाली विजेची मंद ऊब. दूध ओतायचं, कडेला बारीक फेस धरला की बटण बंद करायचं. करंगळी बुडवून सहज ठेवता आली की विरजण कालवायचं आणि भांडं घोंगडीत गुंडाळायचं. लाइट गेली तरी ऊब जात नाही. धारूरकडच्या थंडीत इतरांचं दही पातळ राहतं, आमचं घट्ट लागतं.

हा कुकर मला माझ्या मित्राने पुण्याहून आणून दिला होता. गावच्या दूध संस्थेचा तो चेअरमन, मी सचिव. दूध मोजणं, त्याचं फॅट तपासणं, कॅन गाडीत चढवणं माझ्याकडे. बीडला जाऊन डेअरीच्या साहेबांशी बोलणं त्याच्याकडे. "वहिनीची लई पळापळ व्हती. आता तूच लाव दही, सचिवसाहेब," असं म्हणून त्याने खोकं माझ्या हातात दिलं होतं.

त्या साली विहिरी दिवाळीलाच तळाला गेल्या. लोक म्हशी विकायचं बोलू लागले. ज्याला त्याला एकच विचारायचं होतं, दुधाची गाडी येत राहणार का? गाडी येणार असेल तर विकतचा कडबा घालूनही म्हैस सांभाळता आली असती. गाडी थांबली तर दूध घालायचं कुठे?

मी मित्राला विचारलं.

"गाडी बंद व्हत न्हाई. मी बोलून आलोय. लोकांना सांग, जनावरं इकू नगा म्हणावं."

मी घरोघर सांगितलं. शेजारच्या काकूंना तर रस्त्यात गाठलं. त्या एकट्या राहतात, घर त्या एका म्हशीवर चालायचं. तिला घेऊन त्या बाजाराला निघाल्या होत्या.

"काकू, माघारी फिरा. गाडी चालू राहणार हाय."

"तू सांगतो म्हून फिरते बाबा. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं."

आणि दावं धरून त्या खरंच माघारी फिरल्या.

पुढच्याच आठवड्यात मित्राची बायको वाटी घेऊन आमच्या दारात आली. "भावजी, जरा दही द्या." दोन दुभत्या म्हशींचं घर, आणि दही मागायला आमच्याकडे. त्याचं दूध केंद्रावर येत नव्हतं हेही मी पाहत होतो. म्हशी आटत आल्यात, दूध घरापुरतंच निघतं, असं तो म्हणाला होता. मी हसत विचारलं, "विरजण नासलं का काय, वहिनी?" त्यांनी मान हलवली, माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाटीऐवजी पातेलंभर दही दिलं. त्याच्याच कुकरातलं दही त्याच्या घरी जातंय, याचा मला आनंद झाला होता. तो आनंद आठवला की अजून मान खाली जाते.

महिना सरायच्या आत गाडी बंद झाली. शेवटचे कॅन चढवताना ड्रायव्हर म्हणाला, "तुमच्या चेअरमननं लई आधी इकल्या म्हशी. त्येला ठावच व्हतं की."

मी तसाच त्याच्या घरी गेलो. गोठा झाडून स्वच्छ केलेला होता.

"मला कावून सांगितलं न्हाई?"

"तुला सांगितलं म्हंजी गावाला सांगितलं. समद्यांनी एकाच बाजारी म्हशी नेल्या आसत्या तर भाव राहिला आसता का बे?"

"मग माझ्या तोंडून कावून वदवलं?"

"माझं कुणी ऐकलं आसतं?" तो म्हणाला. आणि वर बायकोला चहा टाकायला सांगितलं.

काकूंची म्हैस चारा छावणीत नेली, तिथे ती आटली. पुढे भाकड म्हणून कुणीतरी नेली. काकू मला काही बोलल्या नाहीत. मीच एकदा जाऊन म्हणालो, "मला खरंच ठाऊक नव्हतं, काकू."

"आसंल बाबा."

काकू लग्न होऊन आल्यापासून विरजण आमच्या घरून न्यायच्या. आमच्याकडे विरजणाला कुणी नाही म्हणत नाही आणि नेलेलं कुणी परतही करत नाही. ती देवघेव धरलीच जात नाही. आता विकतच्या पावशेर दुधाला विरजण आणायला त्या आमच्या दारावरून पार शेवटच्या आळीत जायच्या. मी ओट्यावर दिसलो की वाटी पदराखाली घ्यायच्या.

कुकर फेकावा असं कितीदा मनात आलं. आईला दही लागतं म्हणून राहू दिला.

मग एका कडक थंडीत कुणाचंच दही लागेना. सकाळी काकू दारात उभ्या. मी वाटी भरली. त्यांनी ती हातात धरून पाहिली.

"त्येनं दिलेल्या भांड्यातलंच ना ह्ये?"

"व्हय, काकू."

त्या गेल्या. मला दिवसभर हलकं वाटलं. बायकोलाही मी दोनदा सांगितलं, काकू आल्या होत्या म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. त्याच वाटीत त्यांनी चुलीच्या उबेला ठेवून लावलेलं दही होतं, मी दिलं होतं तेवढंच, काठापर्यंत. वाटी ओट्यावर ठेवून म्हणाल्या, "घे. तुझं तुला पोचलं."

"काकू, विरजण कुणी परत करतं का?"

"म्या करते."

ते दही मी विरजण म्हणून कुकरात घातलं नाही. रात्री भाकरीबरोबर खाल्लं. गोड लागलं होतं.