सातव्या मजल्याचं दार

मावशी जिन्याने ये-जा करू लागली तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, भात्यासारखा श्वास, आणि विचारलं तर म्हणे, "व्यायाम गं!" व्यायाम! रिमोट हाताला लागत नाही म्हणून नको तो कार्यक्रम शेवटपर्यंत बघणारी बाई ही.

मावशी आईची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहते. लिफ्ट तपासणाऱ्या कंपनीत आहे, पण लिफ्टला कधी हात लावत नाही. नवी इमारत तपासायला आली की तपासनीस एक बटण दाबतो आणि त्या इमारतीच्या नावाचा फोल्डर तयार होतो. आत बारा फायली, तपासणीचा तक्ता, मालकाला पत्र, फोटोंची जागा, सगळीकडे नाव-पत्ता आपोआप भरलेला. हे बटण मावशीने बनवलं. कंपनीत त्याला 'साचा' म्हणतात. आई 'तुझं बाळ' म्हणते.

या बाळाला पुढे काय काय शिकवायचं ते आमच्या फ्रिजच्या दारावर ठरतं. पिवळ्या चिठ्ठ्या, तीन रांगा: 'आत्ता', 'पुढच्या खेपेला' आणि 'बघू'. बैठका फोनवर, स्पीकर लावून, त्यामुळे अख्खी कंपनी मला पाठ. मोठे साहेब नकार द्यायचा असला की "त्याचं काय आहे ना..." म्हणतात आणि घसा खाकरतात. एक ताडमाड तपासनीस आहे, जिराफ (बारसं मीच केलं). तो नाकातून गाऱ्हाणं गातो: "ताईऽ, एकसष्ट ओळी होऽ! प्रत्येकीत 'ठीक' लिहायचं. बोटं झिजली माझी!"

हे गाऱ्हाणं दोन वर्षांपूर्वीचं. मावशीला दया आली. तिने साच्यात सोय केली: तक्ता उघडतानाच सगळ्या ओळींत 'ठीक' भरलेलं, बिघाड दिसला तरच बदलायचं. बैठकीत टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची नक्कल मी महिनाभर करत होते आणि मावशी दर वेळी लाजत होती.

या महिन्यात 'आत्ता'च्या रांगेत चिठ्ठी होती, 'मजले विचारणे'. मूळ तक्ता एका सात मजली इमारतीवरून बेतलेला. आता साच्याने आधी मजले विचारावेत आणि तेवढ्याच दारांच्या ओळी द्याव्यात. लोक जास्तीच्या ओळींचं काय करतात ते बघायला मावशीने एक जुना तक्ता उघडला. चार मजली इमारत. खाली सही. मधे एक ओळ: सातव्या मजल्याचं दार, ठीक.

मी हसून हसून लोळले. "उडत जाऊन बघितलं वाटतं!"

मावशी हसली नाही. दुसरा तक्ता उघडला, तिसरा उघडला, मग मला म्हणाली, "तू अभ्यासाला बस." दुसऱ्या दिवसापासून जिना.

चार दिवसांनी फ्रिजवर, चिठ्ठ्यांच्या मागे, मला यादी सापडली. जे दारच नाही ते ठीक असलेल्या इमारती, एकोणनव्वद. सत्तेचाळिसावी आमची.

मी यादी आईसमोर धरली. आईचा चेहरा उतरला, पण मावशीला ती म्हणाली, "मुकाट्याने ती सोय काढून टाक. बोभाटा कशाला? स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणार आहेस का?"

"पुढचे तक्ते सुधारतील, ताई. झालेल्यांचं काय? नसलेलं दार ठीक म्हणतात, तर लिफ्टचा असलेला दोर कुणी बघितला असेल?"

"सही तुझी नाही ना?"

"'ठीक' माझं आहे."

सोमवारच्या बैठकीत मावशीने दोन गोष्टी मागितल्या: भरलेलं 'ठीक' काढायचं, आणि एकोणनव्वद लिफ्ट पुन्हा तपासायच्या.

"त्याचं काय आहे ना..." खाकर. "सोय उत्तम आहे. लोक खूश आहेत. आपण पुढे कधीतरी बघू. आणि ती यादी, मॅडम, कुणाला पाठवू नका."

"म्हणजे आम्ही खोटं लिहितो का, ताई?" जिराफ.

"नाही हो. तुम्ही काहीच लिहीत नाही. लिहिते मी."

बैठक संपली. मावशीने चिठ्ठी लिहिली, 'बघू'च्या रांगेत लावली आणि तिच्याकडे बघत उभी राहिली. मग उचलून 'आत्ता'त लावली. संध्याकाळपर्यंत साच्यातून 'ठीक' गेलं. वर आणखी एक अट आली: एक जरी ओळ रिकामी असली तरी सही होणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिने जिराफाला आमच्याच इमारतीत बोलावलं. "मागच्या तपासणीला वर्ष कुठं झालंय होऽ!" करत तो गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेला. अर्ध्या तासाने फोन आला. मावशीने सवयीने स्पीकर लावला.

"ताई, दोराच्या ओळीत काय लिहू?"

"दिसतंय ते."

"तारा तुटल्यात. हात फिरवला तर टोचतायत." त्याच्या आवाजात नाक नव्हतं. पहिल्यांदाच मला त्याची नक्कल करता आली नसती. "लिफ्ट बंद करतोय."

"मागच्या वर्षी काय होतं?"

"मागच्या वर्षी मी वर आलोच नव्हतो."

आई भिंतीला टेकली. सकाळीच ती त्या लिफ्टने खाली जाऊन आली होती.

तासाभरात मोठ्या साहेबांचा फोन. ना 'त्याचं काय आहे ना', ना खाकरणं. "उद्या ऑफिसला या. साच्याचे सगळे पासवर्ड घेऊन या. यापुढे तो दुसरं कुणी बघेल."

"हो साहेब," मावशी म्हणाली. तिने पाणी प्यायलं, सत्तेचाळिसाव्या नावावर काट मारली आणि यादीतला पहिला नंबर फिरवला.

"नमस्कार, तुमच्या लिफ्टबद्दल बोलायचं होतं. नाही हो, काही विकायचं नाहीये. तुमची इमारत किती मजल्यांची आहे?"