बाकावर बसवलेला माणूस

आलमबागहून सकाळच्या मेट्रोत ती बहुतेकदा माझ्या शेजारी असायची. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, मांडीवर डबा आणि मोबाइलवर तो उदास गेम. त्यात करड्या शर्टातला एक माणूस रोज उठतो, बस पकडतो, त्याच टेबलाशी जाऊन बसतो. एवढंच. ती मात्र त्याला ऑफिसच्या दारातून परत फिरवायची आणि समोरच्या बागेतल्या बाकावर बसवायची. पडद्यावर ताकीद यायची, पगार कापला जायचा, शेवटी खेळ संपायचा. ती शांतपणे पुन्हा सुरू करायची आणि त्याला पुन्हा बाकावर बसवायची.

माझं डोकं सरकारी. एकदा राहवलं नाही.

"मॅडम, इसे अंदर भेजिए ना. वरना जीतेंगी कैसे?"

मान वर न करता ती म्हणाली, "अंदर जाने के लिए हम हैं न, भैया. इसे क्यों भेजें?"

हजरतगंज आलं. ओळखपत्र सरळ करून ती ताठ मानेनं निघून गेली. मीही उतरलो आणि फलाटावरच्या बाकावर निवांत बसलो.

ऑफिसात साहेबांनी उशिराचं कारण विचारलं. ट्रॅफिक, तब्येत, मुलाची शाळा, सगळं ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हणालो, "बैठा था, सर."