बुरुलचा एजेचा तपकिरी पट्टा

कोकबेल गावच्या बायका एकमेकींना बजावतात, की बुरुलचा एजेच्या, म्हणजे बुरुलचा ताईच्या, काचेखाली जिचा तुकडा गेला ती गर्भाशय तिथेच ठेवून घरी येते. चहाच्या दुसऱ्या वाटीपर्यंत ही बातमी आणखी फुगते. एजे म्हणे एक्केचाळीस दाणे मांडून भविष्य सांगावं तसं मांसाच्या तुकड्यात बघते, आणि तपकिरी रंग दिसला रे दिसला की कात्री मागवते.

यातलं भविष्य बघणं थोडंफार खरं आहे. कात्रीचं साफ खोटं.

एजे हॉस्पिटलच्या तळघरात बसते. बाईच्या गर्भाशयाच्या तोंडावरून काढलेला बारीक तुकडा आरपार दिसेल इतका पातळ कापायचा, काचेवर चिकटवायचा आणि त्यावर औषध घालायचं, हे तिचं काम. पेशी बिघडायच्या वाटेला लागल्या असतील तर त्यांच्यात एक प्रथिन साठतं, आणि नेमका तिथेच तपकिरी रंग धरतो. इकडेतिकडे ठिपके आले तर फार घाबरायचं कारण नाही. तळापासून अखंड पट्टा आला तर आज ना उद्या त्याचा कॅन्सर होऊ शकतो, आत्ताच हालचाल करा. एवढंच सांगायला तिला अर्धी दुपार लागते, कारण दर वाक्यानंतर ती मान वाकडी करून, चष्मा सरकवून समोरच्याकडे बघत म्हणते, "कळलं? नाही कळलं. परत सांगते."

तिच्यावरचे मोठे डॉक्टर ओसमोनकुल आके, म्हणजे सगळ्यांचे ओसमोनकुल दादा. त्यांना असल्या औषधांचा तिटकारा. ते घसा असा खाकरतात की जणू समोर सभा भरलीय, आणि मग म्हणतात, "माझ्या डोळ्याला रंग लागत नाही." माझ्या तुर्सुनाय वहिनीचा तुकडा त्यांनी त्याच बिनरंगी डोळ्याने पाहिला आणि फर्मान काढलं, "गर्भाशय काढून टाका. कटकट मुळासकट जाईल."

वहिनीला अजून मूल नव्हतं. तिने मला बरोबर घेतलं आणि थेट तळघर गाठलं.

"एजे, एकदा तुम्ही बघा. मग काय कापायचं ते कापा."

एजेने रंग घातला. काच कोरी आली, तपकिरीचा मागमूस नाही. आकेंनी काच उजेडात धरली आणि सभा भरवली. "स्वच्छ. मला वाटलंच होतं." सकाळी गर्भाशय काढायला निघालेला माणूस दुपारी म्हणतो, "घरी जा पोरी, मेंढा काप, लोकांना जेवायला बोलाव." वहिनी हसत-रडत कोटाची बटणं लावायला लागली.

"बस खाली," एजे म्हणाली. "टॉन्सिलपण कोरा आहे."

"आता टॉन्सिल कुठून आला मध्येच?" आके म्हणाले.

एजे दर काचेवर शेजारी कुणाच्या तरी टॉन्सिलची कापटी लावते. ती हमखास तपकिरी होते. तीही कोरी राहिली, म्हणजे वहिनी धडधाकट असल्याचं काही ठरलं नव्हतं. मेलं होतं ते औषध.

एजेने फ्रिज उघडला. औषधाच्या बाटलीत अर्धा बर्फ झालेला; एकदा गोठलं की ते औषध मरतं. बाटलीला टेकून, फडक्यात गुंडाळलेलं, पाहुण्यासारखं ऐटीत बसलेलं जनावराचं कमरेचं हाड.

"हा कोण पेशंट?" एजेने विचारलं.

आके खाकरले, पण या वेळी सभा जमेना. "व्याह्यांच्या मेजवानीतलं मानाचं हाड आहे, बुरुलचा. ते टाकता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही. घरचा फ्रिज बिघडलाय."

"आणि बटण कुणी फिरवलं?"

"खराब होऊ नये म्हणून जरासा गारवा वाढवला."

"जरासा. तुमच्या हाडाचा मान राहिला, आके, आणि ही पोर कदाचित दुखणं पोटात घेऊन मेंढा कापायला निघाली होती. कळलं? नाही कळलं. परत सांगते."

तिने खरंच परत सांगितलं. आके हाड काखेत मारून उभ्याने ऐकत होते.

नवी बाटली राजधानी बिश्केकहून शेअर टॅक्सीने, गार डब्यात बसून आली. ती येईपर्यंत घरात कुणाला जेवण गेलं नाही. मी चिडून एजेशी पैज लावली. पट्टा दिसला की तुम्हीही गर्भाशयच काढायला सांगणार, तुम्ही सगळे सारखेच.

"आणि हरलीस तर?"

"तर मी गल्लीत तुमची नक्कल करते ना, ती बंद."

"बंद कशाला? हरलीस तर माझ्याच आवाजात दारोदार जा आणि बायकांना तपासणीला बोलाव."

पट्टा आला. कढवलेल्या चहासारखा गडद, तळापासून अखंड. शेजारचा टॉन्सिलही झकास तपकिरी. "म्हणजे कॅन्सर?" वहिनीने विचारलं.

"हा कॅन्सर नाही," एजे म्हणाली. "कॅन्सरच्या आधीची पायरी आहे. गर्भाशयाच्या तोंडाचा शंकूच्या आकाराचा छोटा भाग कापायचा. बाकी सगळं जागच्या जागी राहील."

"म्हणजे माझा डोळा बरोबरच होता," आके हळूच म्हणाले.

"बिघाड कळला तुमच्या डोळ्याला. कुठे थांबायचं ते नाही कळलं."

शंकू कापला. त्याच्या कडा एजेने स्वतः काचेखाली घातल्या. कडेपर्यंत कुठेच तपकिरी नव्हतं. दर काही महिन्यांनी दाखवायला ये, असं बजावून तिने वहिनीला घरी पाठवलं. येताना वहिनी बाजारात थांबली आणि तिने उगाचच लहान बाळाची टोपी घेतली.

मी हरले. आता गल्लीतलं एकेक दार वाजवते. बायका दार अर्धवट उघडतात आणि आधी तेच विचारतात, "गर्भाशय काढतात ना गं तिथे?"

मी मान वाकडी करते, चष्मा नसलेल्या नाकावर चष्मा सरकवते आणि म्हणते, "कळलं? नाही कळलं. परत सांगते."