कन्यादानाचा पाट

१९१३ साली मद्रासच्या इस्पितळात मेलकावेरी या कावेरीकाठच्या गावातल्या, तमिळ मुलखात वसलेल्या मराठी घरच्या अंबुजाबाईंचा उजवा स्तन कापून काढला. गाठ आवळ्याएवढी, पण जाताना सगळंच घेऊन गेली. जीव वाचला म्हणून माहेरच्यांनी नवस फेडला. नवरा जानकीराम महिनाभर त्यांच्या खोलीकडे फिरकला नाही. मग तोंड उघडलं ते असं: "अलमेलुच्या लग्नात तू पाटावर बसूं नको. व्यंग झालेल्या बाईनं कन्यादानाचं पाणी घातलेलं शास्त्राला चालत नाही. तुझ्या जागी पाणी घालायला वैनी बसतील."

अलमेलु नऊ वर्षांची. चार मुलं गेल्यावर वाचलेली एकुलती एक लेक. तिच्या लग्नात आईनं कोठीघरात बसायचं! अंबुजाबाई रडल्या नाहीत. रडून त्या घरात कधी कुणाला काही मिळालं नव्हतं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी युरोपातल्या एका नव्या शस्त्रक्रियेविषयी सांगितलं होतं. पाठीवरचं कातडं खालच्या मांसासकट काखेखालून पुढे आणायचं आणि छातीवर शिवायचं. भावाला घेऊन अंबुजाबाई पुन्हा मद्रासला गेल्या. दीड महिना ना उताणं झोपता आलं, ना पालथं. छाती भरली, डावीसारखी नाही, पण चोळी बसेल इतकी.

"आतां मी पुरी झाले," घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या.

त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. "पाठीचं मांस तें. शास्त्री ऐकायचे नाहीत."

लग्नाच्या सकाळी बालकृष्णशास्त्री मांडवाच्या कोपऱ्यात दर्भ निवडत होते. अंबुजाबाईंनी जाऊन विचारलं, "मज बसूं नको म्हणून शास्त्र सांगतें की?"

म्हातारा गोंधळला. "कोण सांगिटलं असं? मज कोणी विचारलंच नाही. तुम्हांसच बसायचं मन नाही, असं तुमचे यजमान बोलले."

शास्त्र बिचारं कुठे आडवं आलंच नव्हतं. आडवी आली होती एका माणसाची किळस, आणि तिच्यापायी या बाईनं स्वतःची पाठ सोलून घेतली होती. संताप यावा नाही तर काय!

मुहूर्ताला त्या सरळ पाटापाशी गेल्या. "अक्का, उठा." थोरली जाऊ विशालाक्षी उठली. अंबुजाबाई बसल्या. जानकीरामनं आपला पाट वीतभर बाजूला सरकवला. मांडवभर माणसांनी ते पाहिलं.

"सरका आणखी," त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि पाण्याची झारी उचलली.

समोर बसलेली अलमेलु सगळं बघत होती. नवरा म्हणजे काय, ते तिला सप्तपदीच्या आधीच कळलं.