शेवट फोडण्याची धमकी

सोमवारी हसनचाचांचा बेड रिकामा होता. मशीन तयार, बाकीच्या पेशंटचं डायलिसिस सुरू, आणि माझं लक्ष सारखं दाराकडे.

मी चिपळूणला डायलिसिस टेक्निशियन आहे. किडन्या बंद पडल्या की शरीरातलं पाणी आणि घाण बाहेर जात नाही. मग आम्ही रक्त मशीनमधून फिरवतो, स्वच्छ करतो, परत देतो. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. चुकवलं की पाणी फुफ्फुसात साठतं, पोटॅशियम वाढतं, हृदय कधीही दगा देतं.

हसनचाचा सावर्ड्याचे. उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर स्वयंपाक केलेला माणूस. एका जागी पडून राहणं त्यांना शिक्षाच. सारखे दांड्या मारायचे. म्हणून मी आरमारावरच्या एका कादंबरीमालेचा पहिला भाग आणून दिला. अट एकच, पुस्तक इथंच राहणार. पुढचं वाचायचं तर यायचं. चाचा अडकले. सुया लावलेला हात हलवायचा नसतो, म्हणून पानं मी उलटायचे. त्यात मीही अडकले. ते म्हणायचे, "उलट ना, बाय," आणि मी, "थांबा, दोन ओळी राहिल्यात."

चौथा भाग संपला तेव्हा कादंबरीचा नायक, आरमारातला सुभेदार, शत्रूच्या कैदेत, आणि पाचवा कुठे मिळेना. जिवाला नुसती हुरहूर.

मी त्यांच्या घरी फोन लावला. चाचींनी उचलला.

"मुलानं मुंबईहून पाचवं पुस्तक धाडलंय. संपल्याबिगर येत नाय म्हणतात. पाय सुजलेत गो!"

तेवढ्यात डॉक्टर आत आले.

"आले?"

"नाही सर."

"मी फोनवर झापलं, तरी ऐकत नाहीत. वेड तू लावलंस, आता तूच बघ."

मी पुन्हा फोन केला, चाचींना तो चाचांच्या कानाला लावायला सांगितला.

"चाचा, पाचवा भाग मी वाचलाय. आत्ता निघा, नाहीतर सुभेदार सुटतो की मरतो, ते इथूनच सांगते."

पलीकडे पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "निघतो."

रिक्षातून उतरले तेव्हा त्यांना धाप लागली होती. वजन, म्हणजे अंगात साठलेलं पाणी, भलतंच वाढलेलं. मशीन सुरू झालं, हळूहळू धाप ओसरली, तेव्हा कुठे मी बाकीच्या पेशंटकडे वळले.

"कसं फसवलं?" मी ऐटीत विचारलं.

"कुठं फसवलंस गो? पाचव्यात त्याला कोण सुभेदार म्हणत नाय. दर्यासारंग म्हणतात. तू वाचलं नायस, ते मी फोनवरच ओळखलं."

"मग आलात कशाला?"

"आवाज कापत होता तुझा."

मी त्यांची चादर उगाच सारखी केली. आणि मग एकदम ट्यूब पेटली.

"चाचा! दर्यासारंग झाला, म्हणजे आरमारात बढती मिळाली, म्हणजे तो सुटतो?"

चाचांनी जीभ चावली.

पेशंटला धमकी द्यायची तर आधी पुस्तक वाचलेलं असावं. नाहीतर शेवट आपलाच फुटतो.