बिल्डिंग पडली, माणसं दिसलीच नाहीत

मित्रांनो, आज दुपारी कनेरगावच्या आमच्या घरी टीव्हीवर एक सिनेमा लागला होता. डोंगराएवढा सरडा शहरात शिरतो आणि शेपटीच्या एका फटक्यात उंच इमारत आडवी करतो. मी आणि माझी पुतणी टाळ्या वाजवत होतो.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"भाऊजी, त्या बिल्डिंगीत माणसं न्हाईत का?"

"असतील की, वहिनी. पिक्चर हाय तो."

"मंग दाखवून काहून न्हाई राहिले?"



माझा दादा पुण्यात सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-टेकू लावायच्या कामावर होता. दोन वर्षांपूर्वी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, त्यात तो गेला.

वहिनी हळूच म्हणाल्या, "तवाबी बातम्यांत नुसती पडलेली बिल्डिंगच दाखवली व्हती. मी लई येळ पाहत बसले, तुमचे दादा कुठं तरी दिसतील म्हणून."

मी टीव्ही बंद केला. पुतणी आईजवळ जाऊन बसली.

आमच्यासारख्यांनी शहर बहुतेक पडद्यावरच पाहिलं. उंच इमारती दिसल्या आणि त्या पडताना मजा वाटली. तुमचंही कुणी शहरात असेल, तर खरं सांगा, अशी इमारत पडताना तुम्हाला आत कोण दिसतं?