पोरीचा देव

सकाळी गिरणी सुरू करण्याआधी शेजारचे अप्पा ओट्यावर मांडी घालून बसायचे. गळ्यातलं इष्टलिंग पांढऱ्या फडक्यातून सोडवून डाव्या तळहातावर घ्यायचे आणि त्याच्याकडे टक लावून बघत राहायचे. तेवढा वेळ आमची आई रेडिओचा आवाज कमी करायची. आमच्या घरात देव नाही, भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे; पण शेजाऱ्याच्या देवाचा मान ठेवायला काय लागतं, असं तिचं म्हणणं.

अहमदपुरात अप्पांची पिठाची गिरणी होती. भुवयांवर कायम ज्वारीचं पीठ. वीज गेली, पट्टा तुटला, गिऱ्हाईक भांडून गेलं, तरी त्यांचं एकच, "त्याला समदं कळतंय." त्यांची मुलगी गौरी माझी मैत्रीण. तिच्याही गळ्यात तसंच लिंग. "माझ्या देवाला साबणाचा वास येतो, अप्पांच्या देवाला पिठाचा," म्हणून हसायची.

गौरीला ताप आला आणि तो उतरेचना. लातूरच्या एका दवाखान्यात नेलं. आत घेताना नर्सने तिच्या गळ्यातलं लिंग काढून अप्पांकडे दिलं. त्यांनी ते स्वतःच्या लिंगाशेजारीच गळ्यात बांधलं आणि बाकड्यावर बसून राहिले. "त्याला समदं कळतंय, सुजाता," एवढंच मधूनमधून मला म्हणायचे. दुपारी डॉक्टर बाहेर आले, गौरी गेली म्हणाले.

लिंगायतांत मयताला बसवून माती देतात आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या हातात ठेवतात. अप्पांनी गळ्यातलं एक फडक्यासकट काढून तिच्या हातात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सवयीने ओट्यावर बसले, फडकं उघडलं आणि तसेच राहिले. मी जवळ गेले. तळहातावरचं लिंग लहान होतं, गौरीचं.

"माझा देव तिच्यासंगं गेला गं," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही.

मठाचे स्वामी समजवायला आले. "अप्पा, दुसऱ्याचं लिंग पुजू नये. नवं घ्या, दीक्षा देतो."

अप्पा म्हणाले, "स्वामी, माझा देव असता तर भांडलो असतो त्याच्यासंगं. तुला काई कळत न्हाई म्हनलो असतो. काढून फेकला बी असता. पर ह्यो पोरीचा हाय. तिनं ह्याला कधी वाकडं बोललं न्हाई. मी कोन बोलनारा?"

स्वामी उठून गेले. अप्पा रोज बसत राहिले. पाणी, भस्म, बेलाचं पान, सगळं यथासांग. चेहऱ्यावर मात्र काहीच नसायचं. त्यांचं ते नेहमीचं वाक्य मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

गेल्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं. एकदा धीर करून मी विचारलं, "अप्पा, त्याला खरंच समदं कळतं का हो?"

"मला ठाव न्हाई," ते म्हणाले. "तिला वाटायचं, कळतंय. मी तिच्या भरवशावर करत ऱ्हायलो."

त्यांना गौरीशेजारीच माती दिली. पुतण्याने तिचं लिंग त्यांच्या डाव्या हातात ठेवलं. बोटं मिटेनात, तेव्हा स्वामींनीच पुढे होऊन ती एकेक करून मिटवली. मला रडू यायला हवं होतं, आलं नाही.

आता गिरणी बंद असते. आई हल्ली मोबाइलवर बातम्या लावते. सकाळी त्या वेळेला ती अजूनही आवाज कमी करते.